तुला होऊन गेल्यात

"रिसेप्शनच्या वर्गात चिकनपॉक्स आलाय, मुलांवर लक्ष ठेवा," असा निरोप लेकीच्या वर्गातल्या आयांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर आला, तेव्हा त्याखाली चार जणींनी हसरे चेहरे टाकले. एकीने लिहिलं, बरंच झालं, एकदाचं उरकून जाईल. दुसरीने तर आमंत्रणच दिलं, की आमच्याकडे कालपासून आहे, कुणाला हवं असेल तर मुलं खेळायला पाठवा. मी वाचतच राहिले. उरकून जाईल म्हणे! अगं बायांनो, आजार आहे का घासायची भांडी? पण इथे हे असंच. इंग्लंडातल्या आमच्या या रीडिंग गावात नाक गळणाऱ्या पोराला वेलीज, म्हणजे गुडघ्यापर्यंतचे रबरी बूट, घालून चिखलात सोडतात, आणि ते पोर टिकतंही. आपलं एक शिंकलं तरी आपण रात्रभर जागतो.

मी तेव्हा आठव्या महिन्यात होते. तिसरं. हो, तिसरं, नीट वाचलंत. मोठी लेक पाच वर्षांची, धाकटा अडीच वर्षांचा, आणि हे तिसरं आम्ही ठरवलेलं नव्हतं, त्याचं त्यानेच ठरवलं. पुण्याला फोन करून आईला सांगितलं, तर ती म्हणाली, "तुमच्याकडे टीव्ही वगैरे नाहीये का गं?" माझी आई ही अशी. तोंडाने फटकळ, आणि मी तिच्यावर गेले असं सगळे म्हणतात. बाळंतपणाला ती येणारच होती. तिकीट पुढच्या महिन्याचं काढलेलं होतं, आणि डिंकाचे लाडू, अळीव, शेपा, ओवा, बाळंतलिंबू यांची जमवाजमव तिने कधीपासूनच सुरू केली होती.

कांजिण्यांची मला स्वतःपुरती काही काळजी नव्हती, कारण मला त्या लहानपणीच होऊन गेल्या होत्या. पहिल्या वेळी दिवस राहिले तेव्हा मिडवाइफने विचारलं होतं, तुला चिकनपॉक्स झालाय का. आता इथल्या लोकांचं सगळं जन्मापासून जीपीच्या, म्हणजे फॅमिली डॉक्टरच्या, कॉम्प्युटरवर असतं. आपल्याकडे माणसाच्या आजारपणांची नोंद आईच्या तोंडी असते. मी तिथूनच, मिडवाइफच्या समोर बसून आईला फोन लावला. "आई, मला कांजिण्या झाल्या होत्या ना गं?" तर आई लगेच म्हणाली, "झाल्यात, झाल्यात. आपल्या घरात सगळ्यांनाच झाल्या. तू खाल्लंस का काही?" आणि मग मी काय खाल्लं यावर दहा मिनिटं.

शिवाय मला आठवतही होतं. अगदी डोळ्यांसमोर आहे. न्हाणीघरात कडुनिंबाचा पाला घातलेलं कोमट पाणी, पाठीला चिकटलेली पानं, तो कडू वास. घरात फोडणी बंद. दाराला कडुनिंबाची डहाळी. मोठी माणसं हळू आवाजात बोलतायत, कांजिण्या म्हणायचं नाही, 'बाई आल्यात' म्हणायचं. इतकं लख्ख आठवत असताना आणखी कुणाला काय विचारायचं? मी मिडवाइफला छातीठोकपणे सांगितलं, हो, झालाय. दुसऱ्या खेपेला आणि या खेपेला आईला फोनसुद्धा केला नाही. तेच उत्तर दिलं.

इथे एक सांगायला हवं. मी सॉफ्टवेअर टेस्टर आहे. समोरच्याने 'हो, झालंय, चालतंय' म्हटलं की त्याच्यावर विश्वास न ठेवण्याचाच मला पगार मिळतो. ऑफिसातली पोरं मला टरकून असतात. अति शहाणा त्याचा बैल रिकामा म्हणतात, तो बैल मी स्वतःच्या घरी बांधून ठेवला होता, हे मला कुठे ठाऊक!

तर आठवड्याभरात लेकीच्या पोटावर तीन-चार लाल ठिपके दिसले आणि संध्याकाळपर्यंत पोरगी वरपासून खालपर्यंत भरली. अगदी टाळूत, कानांत, पापणीवर. ताप, खाज, रडारड. मी तिला कॅलामाइन लावून गुलाबी करून टाकलं. शेजारच्या इंग्लिश आजींनी सांगितलं, जुन्या मोज्यात ओट्स भरून टबाच्या पाण्यात पिळ, खाज कमी होते. तेही केलं. इथे कडुनिंब कुठे मिळणार? आमच्या देशी दुकानात कढीपत्ता मिळतो, तोसुद्धा माणिकमोत्यांच्या भावाने.

नवरा म्हणाला, "तू जरा लांब राहतेस का? मी करतो तिचं सगळं." त्याच्या भुवईवर कांजिण्यांचा एक खड्डा आहे, आणि सासूबाईंना त्याच्या कांजिण्या तिथीवारासकट पाठ आहेत, त्यामुळे त्याचा प्रश्नच नव्हता.

"लांब कशाला? मला होऊन गेल्यात," मी म्हटलं.

"नक्की?"

"अरे, नक्की म्हणजे काय! आईला विचारलंय मी."

आमच्या घरात माझ्या आईचं नाव घेतलं की चर्चा संपते. मी लेकीला माझ्याजवळच झोपवलं. ती माझ्या पोटावर गाल ठेवून झोपायची, आतलं बाळ तिच्या गालाला ढुशी द्यायचं आणि ती तापातही खुदकन हसायची. मला किती बरं वाटायचं तेव्हा! आता ते आठवलं की अंगावर काटा येतो.

आईला यातलं काही सांगितलं नाही. उगाच एवढ्या लांबून जिवाला घोर. आमच्याकडे ही रीतच पडून गेलीय. ती पडली, हात मोडला, तर मला प्लास्टर निघाल्यावर कळतं. इथे नवऱ्याची नोकरी गेली होती, ते तिला नवी लागल्यावर कळलं. दोघी रोज अर्धा तास बोलतो आणि एकमेकींना फक्त चांगलंच सांगतो. तेवढे दिवस मी व्हिडिओ बंद ठेवला आणि वायफायला शिव्या घातल्या. बिचारं वायफाय.

लेकीच्या खपल्या धरल्या, ती शाळेत जाऊ लागली, मी हुश्श केलं, आणि धाकट्याला ताप आला. त्याला तर तिच्या दुप्पट. तोंडातसुद्धा फोड, गिळता येईना, नुसता रडायचा आणि फक्त मीच हवी. दोन-तीन दिवसांपासून माझं डोकं ठणकत होतं, पाठ भरून आली होती, आणि थंडी वाजायची. मी म्हटलं, असणारच. पोटात एक, कडेवर एक, शाळेत एक. नाकी नऊ आले होते, त्यात पाठदुखीला कुठे वेगळं कारण शोधायचं?

त्या दुपारी मी धाकट्याला घेऊन सोफ्यावर आडवी झाले होते. आईचा फोन आला आणि लेकीने माझ्याआधी उचलला. माझी लेक मराठी बोलते, पण तिच्या मराठीत सगळ्या वस्तू आणि सगळी माणसं पुल्लिंगी, एकाच माळेचे मणी.

"आजी, मला खूप स्पॉट आला होता. सगळा अंगावर. आता भाऊला पण आला. आणि आईचा डोकं दुखतो, आणि आई हॉट आहे."

मी हात लांब करून फोन हिसकावून घेतला. आता झाडणार मला, एवढंच मनात आलं. मी आधीच सुरुवात केली, "काही नाही गं, साध्या कांजिण्या. शाळेतून आणल्यात. ही बरी पण झाली."

पलीकडे काहीच आवाज नाही. माझी आई आणि गप्प! मला वाटलं लाइन गेली.

"आई?"

"तू त्यांच्याजवळ होतीस?"

"मग कोण असणार? मला होऊन गेल्यात ना."

"कोण म्हणालं?"

"कोण म्हणालं म्हणजे? तू म्हणालीस!"

"तुला नाही झाल्या," आई म्हणाली. आवाज तिचा वाटत नव्हता. "तुला नाही झाल्या गं. दादाला झाल्या. तुला मी मावशीकडे पाठवलं होतं नाशिकला. ऊठ. त्या पोराला खाली ठेव आणि ऊठ. आत्ता डॉक्टरकडे जा."

मी उठून बसले. धाकटा रडायला लागला. "आई, काहीतरीच काय बोलतेस? मला कडुनिंबाची आंघोळ आठवतेय. दाराला डहाळी आठवतेय."

"परत आल्यावर घातली तुला. डहाळी अजून दाराला होतीच. सगळ्या पोरांना घालतात, घरात येऊन गेल्या की. वरच्या मजल्यावरच्या दोघांनाही त्या दिवशी आपल्याकडेच घातली होती. तू जा ना डॉक्टरकडे! बोलत काय बसलीस?"

म्हणजे ज्या आठवणीच्या जोरावर मी तीन वेळा छातीठोकपणे 'हो' सांगितलं, ती आठवण कांजिण्यांची नव्हतीच. ती नुसत्या आंघोळीची होती. आणि मग, माझा स्वभावच तसा, घाबरले की मी भांडते. मी ओरडले, "मग तू हो का म्हणालीस? मिडवाइफसमोर बसून विचारलं होतं मी तुला! झाल्यात, झाल्यात म्हणून काय सांगितलंस? काय वाटेल ते ठोकून द्यायचं का?"

"मला तो विषय नको होता," आई म्हणाली आणि रडायला लागली. माझी आई बाबा गेले तेव्हासुद्धा माझ्यासमोर रडली नव्हती. मला काही कळेना. विषय नको होता? कांजिण्यांचा? हा काय नको असण्यासारखा विषय आहे?

फोन ठेवून मी बाथरूममध्ये गेले, कुर्ता वर केला आणि आरशात बघितलं. पोटावर, बेंबीच्या जरा वर, दोन लाल पुटकुळ्या. एकीत पाणी भरलेलं. लेकीच्या पहिल्या दिवशी होत्या तशाच, डिट्टो. "अरे देवा," एवढंच माझ्या तोंडून निघालं. नवरा धावत वर आला. मी त्याला काही सांगितलं नाही, नुसतं पोट दाखवलं. त्याचा चेहरा मी विसरणार नाही.

हॉस्पिटलच्या मॅटर्निटी ट्रायजला, म्हणजे गरोदर बायकांच्या तातडीच्या विभागाला, फोन लावला. तिथली बाई आधी इतकी गोड बोलत होती, आणि 'किती आठवडे' आणि 'पुरळ आहे का' या दोन प्रश्नांची उत्तरं ऐकली आणि एकदम तिचा सूर बदलला. ती म्हणाली, लगेच निघा, पण आत येऊ नका. गाडीतच बसा, फोन करा, आम्ही मागच्या दाराने घ्यायला येऊ. वेटिंग रूममध्ये दुसऱ्या गरोदर बायका आहेत. आयुष्यभर मी इतरांपासून जपून राहिले, आणि आज लोकांना माझ्यापासून जपायचं होतं. शेजारच्या आजी मुलांपाशी येऊन बसल्या. "मला लहानपणीच झालाय डार्लिंग, म्हातारपणी नागीणसुद्धा, तू जा," म्हणाल्या. त्यांना तरी नक्की माहीत असू दे, असं माझ्या मनात आलं.

मला एका बाजूच्या खोलीत ठेवलं, दार बंद, दारावर लाल पाटी. येणारा प्रत्येक जण एप्रन, मास्क, ग्लोव्ह्ज घालून यायचा. सलाइनमधून औषध सुरू झालं. संध्याकाळपर्यंत तोंडावर, हातांवर, तळपायांवर, जिथे तिथे फोड. पोरं कशी सहन करत होती, तेव्हा कळलं. मी लेकीला दहा वेळा ओरडले होते, खाजवू नकोस म्हणून!

दुसऱ्या दिवशी जिना चढून आल्यासारखा दम लागायला लागला. बेडवर पडल्या पडल्या. एक्स-रे काढला. डॉक्टरीणबाई तरुण होत्या, माझ्याच वयाच्या असतील, वडील केरळचे असं नंतर कळलं. खुर्ची ओढून बसल्या. इंग्लंडमध्ये डॉक्टर खुर्ची ओढून बसला, की समजावं. त्या म्हणाल्या, फुप्फुसात न्यूमोनिया झालाय, मोठ्या माणसांना आणि गरोदर बायकांना होतो, आपण वेळेत औषध सुरू केलंय, तुमचं आम्ही बघू. मी विचारलं, "आणि बाळ?"

त्यांनी जे सांगितलं ते मी माझ्या शब्दांत सांगते. माझं शरीर आता या रोगाशी लढायला शिकणार. ते शिकलं की लढायचं बळ माझ्या रक्तातून बाळाला मिळणार. पण त्याला वेळ लागतो, साधारण आठवडाभर. तोवर बाळ आत राहायला हवं. त्याआधी जन्मलं, तर रोग माझ्याकडून त्याला मिळालेला असेल आणि बळ मात्र मिळालेलं नसेल. मग इतक्या लहान जिवाला तो फार जड जातो.

"जड जातो म्हणजे?" मी विचारलं.

त्या म्हणाल्या, "म्हणजे आपण ते होऊ नये असा प्रयत्न करू."

कांजिण्या हो! ज्याला व्हॉट्सअ‍ॅपवर हसरे चेहरे टाकतात, त्या कांजिण्या! मी पोटावर दोन्ही हात ठेवून त्या बाळाला सांगितलं, थांब रे बाबा. बाहेर काही पडलेलं नाहीये. आठवडाभर आत बस, मग काय हवा तो धिंगाणा घाल. तुला शपथ आहे माझी.

नवरा मास्क लावून येऊन बसायचा, मग मुलांसाठी घरी पळायचा. चौथ्या दिवशी सकाळी तो आला आणि म्हणाला, "तुझी आई विमानात बसलीय."

"काय?"

"तिकीट बदललं. स्वतः. दादालासुद्धा विमानतळावर सोडताना कळलं."

माझ्या आईला स्वतःच्या फोनवर साधं रिचार्ज करता येत नाही. दादाने करून दिल्याशिवाय ती गॅसचा नंबर लावत नाही. तेवढ्यात कंबरेतून कळ आली. आधी मला वाटलं खोकल्यामुळे आली. दुसरी आली तेव्हा मी बेल दाबली. "नाही, नाही, नाही," मी मराठीतच ओरडत होते, "आत्ता नाही, अजून आठवडा नाही झाला, थांबवा कुणीतरी!" मिडवाइफला शब्द कळले नसतील, पण तिने माझा हात घट्ट धरला. थांबवायचे सगळे प्रयत्न केले त्यांनी. पण आमच्या घरातलं कुणी कधी कुणाचं ऐकलंय, तर हे ऐकणार? दुपारी मुलगी झाली.

एवढीशी, लाल, केसाळ. रडली मात्र खणखणीत. मला ती धड बघूही दिली नाही, आधी तिच्या मांडीत तयार बळाचं इंजेक्शन दिलं. जे माझ्याकडून मिळायला हवं होतं, ते रक्तदान केलेल्या कुणा अनोळखी माणसांकडून काढून तिला दिलं. मग तिला माझ्याजवळ आणलं, आणि सांगितलं, आता नजर ठेवायची. ताप येतो का, अंगावर काही उठतं का. रोज, पुढचे काही आठवडे. मी तिच्याकडे बघायला घाबरत होते. तिच्या गालावर जन्मतःच एक लाल डाग होता, तो बघून मी किंचाळले. नर्स म्हणाली, असतो तो, जाईल. गेला, पण तोवर माझं अर्धं आयुष्य गेलं.

आई दुसऱ्या दिवशी हॉस्पिटलमध्ये आली. नवऱ्याने तिला आधीच विचारून घेतलं होतं, तुम्हाला तरी नक्की झाल्यात ना. ती म्हणाली होती, "मला झाल्यात. माझं मी खोटं नाही सांगत." एप्रन-मास्क चढवून ती दारात उभी राहिली. एक छोटी हँडबॅग, बस. लाडू नाहीत, अळीव नाही, एक लोणच्याची बरणी नाही. मागच्या दोन्ही बाळंतपणांना ती विमानतळावर वजनावरून भांडून आली होती. मी म्हटलं, "आई, तुझं सामान हरवलं का?" ती सरळ पाळण्यापाशी गेली, बाळाचं दुपटं सोडलं आणि तिला उजेडात धरून बघायला लागली. पोट, पाठ, काखा, तळवे, कानांच्या मागे. मी इतकी सुजलेली, फोडांनी भरलेली, नाकात ऑक्सिजनची नळी घालून पडलेली, पण माझ्याकडे तिचं लक्ष गेलं ते पंधरा मिनिटांनी. मग माझ्या केसांवरून हात फिरवत राहिली. दोघींपैकी कुणीच त्या फोनबद्दल बोललं नाही.

माझी तब्येत सुधारली. न्यूमोनिया उतरला, फोड वाळले. बाळ दूध प्यायला लागलं, आणि आम्हाला घरी सोडलं. घरात खपल्या पडलेली दोन पोरं, माझ्या खपल्या अजून पडायच्या होत्या, सगळं घर ठिपक्याठिपक्यांचं, आणि मधोमध ही कोरी करकरीत पोरगी. सगळे जण तिच्याभोवती. आई मात्र तिला कुणाला घेऊ देईना. दर तासाला दुपटं सोडून बघायची. ताप मोजायची. मिडवाइफ येऊन म्हणाली, सगळं उत्तम आहे. आईने ऐकलं आणि पुन्हा दुपटं सोडलं. आणि बोलायची नाही. जी बाई माझ्या स्वयंपाकघरात पाऊल ठेवल्या ठेवल्या 'हे काय, हे कुठे ठेवलंस, हा काय डबा आहे का' सुरू करते, ती चहासुद्धा निमूट प्यायची.

नवऱ्याने एका सकाळी सहज विचारलं, "आई, उद्या बारावा दिवस ना? बारसं करून टाकायचं का घरच्या घरी? का थांबायचं रविवारपर्यंत, मराठी मंडळातल्या लोकांना बोलावता येईल?"

आई म्हणाली, "उद्याचा दिवस जाऊ दे आधी."

दुसऱ्या दिवशी ती सकाळपासून बाळाला मांडीवर घेऊन खिडकीपाशी बसली. जेवली नाही. मी दोनदा ताट वाढलं, दोनदा उचललं. दुपारी पोरं टीव्हीपुढे होती, नवरा वर ऑफिसच्या कॉलवर होता, आणि माझं डोकं सटकलं. "आई, काय चाललंय तुझं? बाळ ठणठणीत आहे. दूध पितंय, ढेकर देतंय, डॉक्टर म्हणतात, मिडवाइफ म्हणते. आणि तू घरात सुतक असल्यासारखी बसलीयस. मला भीती वाटते गं तुझ्याकडे बघून. एक तर माझा जीव आधीच टांगणीला लागलाय."

आईने बाळाचं टोपडं नीट केलं. मग माझ्याकडे न बघता बोलायला लागली, अगदी साध्या आवाजात, भाजीचं सांगावं तसं.

"दादाच्या कांजिण्यांच्या वेळी मी दोन जिवांची होते. तुला काय कळणार, तू चार वर्षांची. नववा लागला होता मला. मला कधी झाल्या नव्हत्या आणि कुणी विचारलंही नाही. दादाचं सगळं मीच करत होते. मग मला आल्या, आणि अंगावर फोड असतानाच बाळंत झाले. मुलगी झाली."

मी ताट हातात घेऊन उभी होते. ते खाली ठेवायचंही सुचेना.

"चांगली होती. दूध प्यायची. मला वाटलं, सुटलो. आठ दिवसांनी तिच्या अंगावर आल्या." आईने बाळाचं दुपटं सारखं केलं. "सगळे म्हणाले, देवीने दिली, देवीने नेली. आता तो विषय पुन्हा काढायचा नाही. तुला नाशिकहून आणलं, तेव्हा घर धुऊन पुसून झालं होतं. मग कुणी कांजिण्यांचं विचारलं, की मी आपली 'झाल्यात' म्हणून मोकळी व्हायची. झाल्यात म्हटलं की पुढे कुणी काही विचारत नाही."

मी ताट खाली ठेवून तिच्या पायापाशी बसले. बत्तीस वर्षं! मला बहीण होती आणि मला माहीत नव्हतं. दादाला माहीत असेल का? बाबा जाताना हे मनात घेऊन गेले? शेवटी मी एवढंच विचारलं, "आई, तिचं नाव काय होतं गं?"

आईने पहिल्यांदाच मान वर करून माझ्याकडे बघितलं.

"नाव?" ती म्हणाली. "बारशापर्यंत थांबली कुठे ती."